पर्सचं दुकान बुडालं, चाळिशीला टेकल्यावर कॅमेरा उचलला आणि तो जगातला सगळ्यात महागडा फॅशन फोटोग्राफर झाला

साल १९३५. अ‍ॅमस्टरडॅममधला कालव्हरस्ट्राट म्हणजे आपल्या पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखा खरेदीचा गजबजलेला रस्ता. या रस्त्यावर बायकांच्या चामड्याच्या पर्स विकणारं एक दुकान होतं. नाव होतं 'फॉक्स लेदर कंपनी'. त्या वर्षी या दुकानाचं दिवाळं निघालं.

दुकानाच्या मालकाचं वय ३८. घरात बायको आणि तीन पोरं. मूळचा जर्मनीचा, पण तिकडे परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो ज्यू होता आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती. हॉलंडमध्ये राहून सतरा वर्षं होत आली होती, पण तिथलं नागरिकत्व मिळालेलं नव्हतं. शिक्षण अर्धवट सुटलेलं, आणि फोटोग्राफीच्या कुठल्या शाळेची तर पायरीही चढलेला नव्हता.

अशा माणसाने ठरवलं की इथून पुढे फोटो काढूनच पोट भरायचं, आणि तेही थेट पॅरिसला जाऊन.

आज कुणी मित्राने असा प्लॅन सांगितला तर आपण त्याला आधी खाली बसवू आणि पाणी देऊ. पण हा गडी गेला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत 'हार्पर्स बझार' आणि 'व्होग' या फॅशनच्या दुनियेतल्या दोन सगळ्यात मोठ्या मासिकांसाठी त्याने काम केलं, शंभरच्या आसपास कव्हर काढली, आणि जगातला सगळ्यात जास्त पैसे घेणारा फोटोग्राफर म्हणून त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

त्याचं नाव एर्विन ब्लुमेनफेल्ड.

गंमत म्हणजे ज्या फोटोंनी त्याला हे सगळं मिळवून दिलं, त्यातले बहुतेक फोटो त्याने स्वतः शेवटी बाजूला काढून ठेवले. ते का, हे कळायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

बटाटा, टूथब्रश आणि पहिला कॅमेरा

एर्विनचा जन्म २६ जानेवारी १८९७ चा, बर्लिनमधला. घर मध्यमवर्गीय ज्यू. वडिलांची छत्र्यांच्या धंद्यात भागीदारी होती. एर्विन दहा वर्षांचा असताना काकाने त्याला एक कॅमेरा भेट दिला. त्या काळचे कॅमेरे म्हणजे काचेच्या प्लेटवर फोटो काढायचे आणि अंधाऱ्या खोलीत रसायनांत बुडवून ते धुवायचे. पोराला हा खेळ भलताच आवडला.

त्याने पहिल्यांदा काय मांडून फोटो काढला, ते ऐकून हसू येईल. मायकेलअँजेलोच्या प्रसिद्ध मोझेसच्या मूर्तीची प्रतिकृती, तिच्या मांडीवर अर्धवट सोललेला बटाटा आणि त्या बटाट्यात खोचलेला टूथब्रश. शेजारी आईवडिलांच्या वस्तू घालून उभा केलेला धाकटा भाऊ हाइन्झ. थोडक्यात, जे समोर आहे ते तसंच टिपायचं, यात या पोराला पहिल्या दिवसापासून रस नव्हता. त्याला समोरच्या गोष्टीचं काहीतरी भलतंच करून दाखवायचं होतं.

१९१३ मध्ये वडील वारले, धंदा बसला आणि सोळा वर्षांच्या एर्विनची शाळा सुटली. घर चालायला हवं म्हणून त्याने बर्लिनमधल्या बायकांचे तयार कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत उमेदवारी सुरू केली. तीन वर्षं त्याने कपड्यांच्या धंद्यात काढली. पुढे हा अनुभव किती कामाला येणार आहे, हे तेव्हा त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये त्याला सैन्यात ओढलं आणि फ्रान्सच्या आघाडीवर अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर केलं. जखमींची आणि मेलेल्यांची ने-आण करून तो इतका वैतागला की त्याने हॉलंडला पळून जायचा बेत आखला. हॉलंड या युद्धात तटस्थ होतं आणि त्याची प्रेयसी लेना सित्रोएन तिथेच राहायची. पण बेत फुटला, त्याला पकडण्यात आलं. १९१८ मध्ये धाकटा भाऊ हाइन्झ आघाडीवर मारला गेला. मोझेसच्या मूर्तीशेजारी उभा राहिलेला तोच भाऊ.

युद्ध संपल्या संपल्या एर्विनने बर्लिन सोडलं आणि अ‍ॅमस्टरडॅम गाठलं. १९२१ मध्ये लेनाशी लग्न केलं.

दुकानामागची अंधारी खोली

हॉलंडमध्ये त्याने आधी पुस्तकं विकून बघितली, चित्रं विकून बघितली, काही जमलं नाही. शेवटी १९२३ मध्ये पर्सचं दुकान टाकलं. दिवसा गल्ल्यावर बसायचं आणि उरलेल्या वेळात कात्री घेऊन मासिकांतली चित्रं कापायची, चिकटवायची, त्यांचे कोलाज बनवायचे. त्या काळी युरोपात 'दादा' नावाची कलेतली एक बंडखोर चळवळ जोरात होती. नियम मोडायचे, चेष्टा करायची, मोठ्या गोष्टींच्या टोप्या उडवायच्या, असा तिचा खाक्या. एर्विन तिच्याशी जोडला गेला. पण ही सगळी हौस होती. घर चालायचं ते पर्सवर, आणि पर्सही काही धो धो खपत नव्हत्या.

नागरिकत्वाचा किस्साही याच काळातला. १९२९ मध्ये झांडव्होर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या पोहण्याच्या पोशाखाचा खांद्यावरचा पट्टा घसरला. तेवढ्यावरून असभ्य वर्तन म्हणून पोलिसांनी त्याला पकडलं. पुढे त्याचा डच नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला. एका घसरलेल्या पट्ट्यामुळे माणूस दोन देशांच्या मधे लटकला.

१९३२ मध्ये दुकान त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या जागेत हलवलं. नव्या जागेत मागच्या बाजूला एक बंद दार सापडलं. ते उघडलं तर आत अख्खी डार्करूम, सगळ्या सामानासकट. आधीच्या कुणीतरी ती तशीच सोडून दिलेली.

इथून त्याचं आयुष्य वळलं. दुकानात येणारी गिऱ्हाइकं बायकाच असायची. एर्विन त्यांना फोटोसाठी बसायची विनंती करू लागला. पुढे पर्स, मागे डार्करूम. काढलेले फोटो तो दुकानाच्या काचेत लावायचा. लोक पर्स बघायला थांबायचे की फोटो, सांगता येत नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याच्या फोटोंची प्रदर्शनंही झाली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा एर्विनने त्याच डार्करूममध्ये हिटलरचा चेहरा आणि माणसाची कवटी एकावर एक छापली. डोळ्यांच्या जागी खोबणी आणि त्यावर ती ओळखीची मिशी. पुढे काय होणार, हे अनेक राजकारण्यांच्या आधी या पर्सवाल्याने कागदावर उमटवून ठेवलं होतं.

दोन वर्षांनी दुकान बुडालं.

दाताच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममधून 'व्होग'पर्यंत

१९३६ च्या सुरुवातीला तो पॅरिसला पोचला. ओळखी जवळपास शून्य. पण एक ओळख मोलाची निघाली. जॉर्ज रुओ हा तेव्हाचा नावाजलेला फ्रेंच चित्रकार. त्याची मुलगी जनव्हिएव्ह रुओ दाताची डॉक्टर होती. तिला एर्विनचे फोटो आवडले होते, म्हणून तिने ते आपल्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये लावले.

ऐकायला साधं वाटतं, पण नव्या फ्रीलान्सरसाठी यापेक्षा चांगली जागा नव्हती. पैसेवाले पेशंट, हातात रिकामा वेळ आणि समोर भिंतीवर फोटो. आजच्या भाषेत सांगायचं तर तोच त्याचा पहिला पोर्टफोलिओ. तिथून पोर्ट्रेटची कामं येऊ लागली. रुओ स्वतः त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसला, आन्री मातीससारखा मोठा चित्रकारही बसला. साबणाच्या जाहिरातीचं काम मिळालं. कलेला वाहिलेल्या 'व्हेर्व' या नव्या मासिकात फोटो छापून आले.

नाव होत होतं, पण पैसा मात्र बेताचाच. कलेच्या मासिकात फोटो आला म्हणून घरमालक भाडं माफ करत नाही, हे फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मोठा ब्रेक मिळाला १९३८ मध्ये. ब्रिटनचा गाजलेला फोटोग्राफर सेसिल बीटन त्याच्या स्टुडिओत आला, फोटो बघून भारावला आणि त्याने फ्रेंच 'व्होग'मध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला. इथे एक विचित्र योगायोग आहे. त्याच वर्षी बीटनने अमेरिकन 'व्होग'मधल्या एका चित्रात ज्यूंबद्दल अपमानकारक मजकूर बारीक अक्षरांत घुसवला होता आणि त्यापायी त्याची नोकरी गेली होती. तोच बीटन एका ज्यू निर्वासिताला फॅशनच्या दुनियेचं दार उघडून देत होता.

अशा रीतीने वयाच्या ४१ व्या वर्षी एर्विन ब्लुमेनफेल्ड फॅशन फोटोग्राफर झाला.

आयफेल टॉवरच्या टोकावर

फॅशनचा फोटो त्या काळी साधारण कसा असायचा? सजवलेला स्टुडिओ, मऊ उजेड आणि पुतळ्यासारखी उभी मॉडेल. एर्विनने १९३९ मध्ये फ्रेंच 'व्होग'साठी जे केलं ते याच्या अगदी उलटं होतं.

त्या वर्षी आयफेल टॉवरला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. एर्विनने लिसा फॉन्साग्रिव्ह्ज या स्वीडिश मॉडेलला टॉवरवर नेलं. लिसा मूळची नर्तिका, त्यामुळे तोल सांभाळणं तिच्या अंगात होतं. डिझायनर ल्युसियां लेलाँगचा घेरदार ड्रेस घालून ती टॉवरच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेला उभी राहिली. एका हाताने लोखंड धरलेलं, दुसऱ्या हाताने ड्रेसचा घेर पंखासारखा पसरलेला, आणि खाली सगळं पॅरिस. ना दोर, ना जाळी.

कॉम्प्युटर नावाची चीज जन्माला यायच्या आधीचा हा फोटो आहे. फोटोत दिसतंय ते सगळं खरोखर घडलेलं आहे. आजही फॅशन फोटोग्राफीच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की हा फोटो सापडण्याची शक्यता बरीच.

त्याच उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला गेला आणि 'हार्पर्स बझार'कडून पॅरिसची फॅशन टिपायचं काम मिळवून परतला. दोन नंबरच्या मासिकाच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी थेट प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य ऑफिसात जाऊन काम आणणं, ही फ्रीलान्सरची चाल त्याला बरोबर जमली होती.

फक्त वेळ चुकली. तो पॅरिसला परतला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं.

करार खिशात, माणूस छावणीत

आता कायद्याचा खेळ बघा. एर्विन ज्यू होता, हिटलरपासून लांब पळत होता, पण त्याच्या कागदांवर देश लिहिला होता जर्मनी. फ्रान्सच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. १९४० मध्ये त्याला पकडून छावणीत टाकलं. मग एका छावणीतून दुसऱ्या छावणीत. माँबार, लोरिओल, ल व्हेर्ने, कातू. यातली ल व्हेर्ने ही फ्रान्समधल्या सगळ्यात कडक छावण्यांपैकी एक म्हणून कुप्रसिद्ध होती.

वर्षभरापूर्वी लेलाँगच्या ड्रेसचे फोटो काढणारा माणूस आता कैद्यांच्या रांगेत उभा होता. इकडे जर्मन फौजांनी पॅरिस घेतलं. कुटुंबाची ताटातूट झाली. सुटका झाल्यावर सगळे पुन्हा एकत्र आले आणि कशीबशी अमेरिकेच्या व्हिसाची सोय झाली.

१९४१ मध्ये मार्सेयहून ते बोटीने निघाले. ती बोट मोरोक्कोत अडकली आणि तिथे पुन्हा छावणी नशिबी आली. शेवटी दुसऱ्या बोटीने ऑगस्ट १९४१ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला उतरलं.

वय ४४, आणि तिसऱ्यांदा सगळं शून्यातून उभं करायचं. मात्र या वेळी हातात एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी केलेलं काम 'हार्पर्स बझार'ची संपादक कार्मेल स्नो विसरली नव्हती. न्यूयॉर्कला पोचल्या पोचल्या तिने त्याला कामाला लावलं. फ्रीलान्सिंगमध्ये जुना समाधानी क्लायंट म्हणजे काय असतो, याचं याहून मोठं उदाहरण मिळणं कठीण.

भाडं कोण भरतं?

सुरुवातीची दोन वर्षं त्याला स्वतःचा स्टुडिओ परवडत नव्हता. मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरबरोबर त्याने स्टुडिओ वाटून घेतला. मुंकाची हा फॅशनच्या मॉडेलला पहिल्यांदा समुद्रकिनाऱ्यावर पळायला लावणारा माणूस. दोघेही युरोपातून आलेले आणि दोघेही एकाच मासिकासाठी राबणारे.

१९४३ मध्ये एर्विनने स्वतःचा स्टुडिओ घेतला. पत्ता २२२, सेंट्रल पार्क साऊथ. म्हणजे न्यूयॉर्कच्या ऐन मोक्याच्या जागी, समोर सेंट्रल पार्क. पुढच्याच वर्षी तो 'हार्पर्स बझार' सोडून अमेरिकन 'व्होग'कडे वळला आणि त्याची सगळ्यात भरभराटीची दहा-एक वर्षं सुरू झाली.

त्याचं कामाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मासिकाचं कव्हर म्हणजे नाव. ते देशभरातल्या स्टॉलवर लटकतं आणि लोकांच्या घरात जातं. पण मोठा पैसा असतो तो जाहिरातीत. कव्हर बघून सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या, कपड्यांची मोठी दुकानं आणि जाहिरात एजन्सी दार ठोठावतात. हेलेना रुबिनस्टाइन, एलिझाबेथ आर्डेन, लोरिआल असे ब्रँड त्याच्याकडे आले. मिनियापोलिसमधल्या डेटन्स या मोठ्या दुकानासाठीही त्याने बरंच काम केलं. नाव मासिकातून आणि भाडं जाहिरातीतून, अशी ही दोन चाकं होती. फॅशन फोटोग्राफर आजही बऱ्याच अंशी याच गणितावर जगतात, फक्त स्टॉलची जागा आता मोबाइलच्या स्क्रीनने घेतली आहे.

यात त्याचे जुने दिवस कामाला आले. कापड कसं पडतं हे त्याला उमेदवारीत कळलं होतं. बाई एखादी वस्तू विकत घेताना कुठे थबकते, हे त्याने बारा वर्षं दुकानात बसून बघितलं होतं. अपयशी म्हणून मागे सोडलेली सगळी वर्षं गुपचूप त्याच्या फोटोंत काम करत होती.

डार्करूममधली जादू

पण फक्त धंदा कळतो म्हणून कुणी शंभर कव्हर करत नाही. एर्विनचा फोटो दुरून ओळखू यायचा, कारण तो अर्धा कॅमेऱ्यात आणि अर्धा डार्करूममध्ये तयार व्हायचा.

एकाच कागदावर दोन-तीन निगेटिव्ह छापून तो एका बाईचे अनेक चेहरे करायचा. ओल्या रेशमी कापडाआड मॉडेलला उभं करायचा, म्हणजे अंगाचा आकार कळतो पण चेहरा धुक्यात जातो. रेघारेघांच्या काचेमागून फोटो काढायचा, मग माणूस तुकड्यातुकड्यांनी बनल्यासारखा दिसतो. ओली निगेटिव्ह थंडीत गोठवायचा, म्हणजे तिच्यावर बर्फासारखी नक्षी उमटते.

त्याची आणखी एक लाडकी युक्ती म्हणजे सोलरायझेशन. फोटो रसायनात उमटत असतानाच त्यावर क्षणभर उजेड पाडायचा. त्यामुळे काळं-पांढरं काही भागांत उलटं होतं आणि चेहऱ्याच्या कडेला पेन्सिलने काढल्यासारखी रेघ येते. आज असले परिणाम आपण फिल्टर म्हणून एका बोटाने लावतो. तेव्हा अंदाज एका सेकंदाने चुकला तर सगळी मेहनत कचऱ्यात जायची.

१५ मार्च १९४५ चं 'व्होग'चं कव्हर घ्या. युद्ध अजून चालू होतं आणि अंक रेड क्रॉसच्या मदतीसाठी होता. कव्हरवर भलामोठा लाल क्रॉस, आणि त्यामागे धूसर काचेआड उभी असल्यासारखी मॉडेल. ना चेहरा नीट दिसतो, ना कपडे. फॅशनच्या मासिकाच्या कव्हरवर कपडेच न दाखवणं म्हणजे पर्सच्या दुकानात पर्स लपवण्यासारखं. पण स्टॉलवर ते लांबूनही नजरेत भरत होतं.

आणि मग जानेवारी १९५० चं कव्हर. विसाव्या शतकाचं दुसरं अर्ध सुरू होत होतं. एर्विनने मॉडेल जीन पॅचेटचा काळा-पांढरा फोटो काढला होता. कव्हरवर येताना त्यातला जवळजवळ सगळा चेहरा पुसून टाकला गेला. ना नाक, ना गाल, ना हनुवटी. उरला एक डोळा, ओठ आणि एक तीळ, आणि त्यात भरलेला रंग. बस्स, एवढ्यावर अख्खी बाई उभी राहते. हे कव्हर 'व्होग'च्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या कव्हरांपैकी एक ठरलं.

क्लायंट विरुद्ध डार्करूम

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या माणसाला आणखी काय हवं होतं? पैसा होता, नाव होतं आणि १९४६ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं. ज्या कागदासाठी हॉलंडने आणि फ्रान्सने त्याला रडवलं, तो शेवटी हातात आला.

पण एर्विन आतून धुमसत होता. त्याचा राग होता मासिकांच्या आर्ट डायरेक्टरांवर. फोटो त्याने काढायचा, पण तो कुठून कापायचा, त्यावर मजकूर कुठे छापायचा, कुठला फोटो निवडायचा आणि कुठला टाकून द्यायचा, हे ठरवणार दुसराच. जाहिरातीत तर त्याहून वाईट. तिथे क्लायंटला आपल्या लिपस्टिकचा रंग अचूक दिसायला हवा असतो, बाईचं गूढ वगैरे नको असतं.

त्याने यावर स्वतःपुरता तोडगा काढला. क्लायंटच्या कामातच तो आपली कला चोरून भरायचा. मासिकाला हवा तसा एक फोटो काढायचा आणि मग त्याच मॉडेलबरोबर, त्याच स्टुडिओत, आपल्याला हवा तसा दुसरा. लोकांना दाखवायची पानं रंगीत असायची. स्वतःसाठी केलेलं काम बहुतेक काळं-पांढरं, तो स्वतः डार्करूममध्ये बसून छापायचा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये पुढे दुकान आणि मागे डार्करूम होती, तीच रचना न्यूयॉर्कमध्ये फक्त मोठ्या भाड्याच्या जागेत सुरू होती.

१९५० च्या दशकाच्या मध्याला 'व्होग'शी असलेलं नातं संपलं. त्याची साठी जवळ आली होती आणि फॅशन फोटोग्राफीत नवी पिढी आली होती. रिचर्ड अ‍ॅव्हेडन आणि अर्व्हिंग पेन ही नावं आता सगळ्यांच्या तोंडी होती. एर्विन जाहिरातींची कामं करत राहिला, छोट्या फिल्म करून बघितल्या, पण त्याचं लक्ष आता दुसऱ्याच गोष्टीत होतं. तो आपलं आत्मचरित्र लिहीत होता. कडवट, तिरकस आणि स्वतःलाही न सोडणारं.

शंभरातले चार

याच काळात त्याने आणखी एक काम हातात घेतलं. आयुष्यभराच्या हजारो फोटोंतून आपले सगळ्यात चांगले शंभर फोटो निवडायचे आणि त्यांचं पुस्तक करायचं.

जगाने त्याला ओळखलं ते फॅशनमुळे. घर चाललं, पोरं शिकली, सेंट्रल पार्कसमोर स्टुडिओ उभा राहिला तो फॅशनच्या पानांवर. पण त्याने निवडलेल्या शंभर फोटोंमध्ये फॅशनचे फोटो होते फक्त चार.

त्याच्या लेखी स्वतःचं खरं काम म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या डार्करूममधले आणि पॅरिसच्या हलाखीच्या दिवसांतले प्रयोग. म्हणजे ज्याचे कुणी पैसे दिले नाहीत, ते. कव्हर वगैरे त्याला रोजीरोटीचा भाग वाटत होता.

हे पुस्तक आणि आत्मचरित्र, दोन्ही छापलेली बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. ४ जुलै १९६९ रोजी रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ७२. आत्मचरित्र १९७५ मध्ये फ्रेंचमध्ये आलं, पुढे जर्मनमध्ये, आणि इंग्रजीत यायला १९९९ उजाडलं. शंभर फोटोंचं पुस्तक १९७९ मध्ये निघालं.

मधली बरीच वर्षं तो फोटोग्राफीच्या चर्चेतूनही मागे पडला होता. २०१३ मध्ये पॅरिसच्या 'ज द पोम' या प्रसिद्ध संस्थेत त्याच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि नव्या पिढीला तो पुन्हा सापडला. अ‍ॅमस्टरडॅमचे कोलाज, कवटीवाला हिटलर, ओल्या रेशमाआडच्या बायका आणि 'व्होग'ची पानं, सगळं एकाच छताखाली.

असं एकत्र मांडल्यावर एक गोष्ट दिसते. जीन पॅचेटचा पुसलेला चेहरा आणि दुकानामागे बसून केलेले कोलाज यांच्यात फारसं अंतर नाहीच. कापायचं, पुसायचं, एकावर एक ठेवायचं, आणि समोरच्या गोष्टीचं काहीतरी भलतंच करून दाखवायचं. दहा वर्षांच्या पोराने मोझेसच्या मांडीवर बटाटा ठेवला होता, तेव्हापासून हेच चालू होतं. पैशासाठी केलेलं आणि स्वतःसाठी केलेलं, अशी जी भिंत एर्विनने आयुष्यभर मनात बांधली, ती त्याच्या फोटोंनी केव्हाच ओलांडली होती.

फ्रीलान्सिंग करणारे फोटोग्राफर आजही दर महिन्याला याच भिंतीवर डोकं आपटतात. लग्नाची ऑर्डर घ्यायची की स्वतःचा प्रोजेक्ट करायचा, ब्रँडला हवं ते द्यायचं की आपल्याला सुचलेलं. एर्विन ब्लुमेनफेल्डला याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याने दोन्ही केलं, दुसऱ्या कामासाठी रोज डार्करूममध्ये थोडा वेळ राखून ठेवला, आणि पहिल्या कामावर चिडत राहिला. आज लोक त्याचे जे फोटो बघायला तिकीट काढून रांगा लावतात, त्यात त्याने नाकारलेली कव्हरही आहेत आणि कुणीच पैसे न दिलेले प्रयोगही.